मालिका बघितलेली नाही आणि सिनेमाची तिकिटं निघालीत: सांगली-मिरजेतल्या नवख्यांसाठी

घरातलं एखादं पोरगं तिकिटं काढून मोकळं होतं. मग आपल्याला कळतं की हा सिनेमा एका मालिकेचा आहे, तिचे साठ-सत्तर एपिसोड होऊन गेलेत आणि आपण एकही पाहिलेला नाही. शो शनिवारी, आज मंगळवार. अशा वेळी दोन प्रकारचे सल्ले मिळतात. मालिकेचे भक्त म्हणतात, "सगळं बघितल्याशिवाय येऊच नका." बाकीचे म्हणतात, "काय लागतंय? जाऊन बसायचं, कळेल तेवढं कळेल." हे दोन्ही सल्ले सिनेमा कुठला हे न विचारताच दिलेले असतात, म्हणून दोन्ही निरुपयोगी.

माझी भाची मिरजेत असते आणि मालिकांवरचे सिनेमे हा तिचा धर्म आहे. तिच्यासोबत कधी थिएटरात, कधी घरच्या टीव्हीसमोर बसून बसून जे हाताला लागलं ते इथे लिहिते आहे. सिनेमाचं मालिकेशी नातं काय आहे एवढं आधी कळलं, तर तयारी किती करायची ते आपोआप ठरतं. कधी ती शून्य असते, कधी एका एपिसोडची आणि क्वचित पूर्ण मालिकेची.

१. आधी नातं विचारा

यात पाच तऱ्हा दिसतात. आपला सिनेमा कुठल्या तऱ्हेचा आहे ते शोधायला पाच मिनिटं पुरतात.

तीच माणसं, नवी गोष्ट. मिस्टर बीनचे १९९७ आणि २००७ चे सिनेमे, डोरेमॉन, शिनचॅन, छोटा भीम हे सगळे यात. हिंदीतली 'खिचडी' मालिका २००२ साली स्टार प्लसवर सुरू झाली आणि तिचा सिनेमा २०१० ला आला. पारेख कुटुंब किती येडं आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, त्यासाठी जुने भाग काढायची गरज नाही. २०११ चा 'चला मुसद्दी ऑफिस ऑफिस' तसाच. सरकारी कागदावर मेलेला माणूस आपण जिवंत आहोत हे पटवायला टेबलं झिजवतोय, हे समजायला कुठल्या मराठी माणसाला मालिका बघावी लागते? आपल्याकडे चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकातून दूरदर्शनवर आले आणि १९७९ साली प्रभावळकर-कर्वे हीच जोडी घेऊन सिनेमाही झाला. या तऱ्हेला तयारी शून्य. बिनधास्त जा.

जुनीच गोष्ट, नव्याने मांडलेली. 'द फ्युजिटिव्ह' ही अमेरिकन मालिका १९६३ ते १९६७ चालली, १२० भाग. बायकोच्या खुनाचा आळ आलेला डॉक्टर पळतोय. १९९३ च्या सिनेमाने ते सगळं दोन तासांत बसवलं, आणि मालिका न बघितलेल्या जगाला तो उत्तम कळला. २००९ चा 'स्टार ट्रेक'ही नव्या माणसांसाठी दार उघडून देणारा. 'मिशन इम्पॉसिबल'चा पहिला सिनेमा (१९९६) तर नवख्यालाच जास्त सुखाचा. मालिकेत वर्षानुवर्षं बघितलेल्या एका पात्राचं त्यात जे केलंय, त्यावर मालिकेतले काही मूळ कलाकार उघडपणे नाराज झाले होते. आपल्याला ते पात्रच माहीत नसतं, त्यामुळे त्रास नाही.

मालिका संपली तिथून पुढे. 'एल कामिनो' (२०१९) हा 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेच्या शेवटच्या एपिसोडच्या शेवटच्या घटनेपासून सुरू होतो. 'डेमन स्लेयर: इन्फिनिटी कासल' हा जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे तिकडचा कार्टून सिनेमा १२ सप्टेंबर २०२५ ला भारतात लागला, तोही याच तऱ्हेचा. नवख्याला खरी तयारी इथेच लागते, म्हणून खाली तिसऱ्या पायरीत याच्यावरच जास्त थांबणार आहे.

दोन सीझनच्या मधला. 'एक्स फाइल्स'चा १९९८ चा सिनेमा पाचव्या आणि सहाव्या सीझनच्या मध्ये बसतो. नुसता बघितला तर एक रहस्यपट म्हणून चालतो, पण त्यातल्या नायक-नायिकेने एकमेकांकडे बघताना मध्येच का थबकायचं ते कळत नाही.

आधीची गोष्ट, पण नंतर बघायची. यात लोक हमखास फसतात. 'ट्विन पीक्स: फायर वॉक विथ मी' (१९९२) हा मालिकेच्या आधीचे दिवस दाखवतो. "म्हणजे आधी हाच बघायचा" असं कुणालाही वाटेल. पण मालिकेचं सगळं कोडं खुनी कोण यावर उभं आहे आणि सिनेमा ते उघड करून टाकतो. गोष्टीच्या काळाचा क्रम आणि बघण्याचा क्रम वेगळा असू शकतो. शंका आली तर जो ज्या क्रमाने प्रदर्शित झाला त्या क्रमाने बघा. हा नियम सहसा दगा देत नाही.

हे सगळं शोधायचं कुठे? विकिपीडियाच्या पानाचा पहिला परिच्छेद वाचा आणि तिथेच थांबा. 'सिक्वेल' (पुढची गोष्ट), 'प्रीक्वेल' (आधीची), 'रीबूट' (नव्याने मांडलेली) किंवा 'अमुक सीझननंतरची कथा' यांतलं काहीतरी तिथे मिळतंच. खाली 'कथानक' किंवा 'प्लॉट' म्हणून जो भाग असतो तिकडे बोट नेऊ नका, तिथे शेवटापर्यंत सगळं लिहिलेलं असतं. आणि यूट्यूबवर नाव टाकून शोधू नका. तिथे 'एंडिंग एक्सप्लेन्ड'वाल्यांनी व्हिडिओच्या चित्रावरच कोण मरतं ते छापलेलं असतं.

२. हा खरंच नवा सिनेमा आहे का ते तपासा

हल्ली थिएटरात लागतं ते सगळं सिनेमा नसतं. 'डेमन स्लेयर'च्याच नावाने २०२३ आणि २०२४ मध्ये जे दोन कार्यक्रम मोठ्या पडद्यावर आले, ते आधीच्या सीझनचे शेवटचे एपिसोड आणि पुढच्या सीझनचा पहिला एपिसोड एकत्र जोडून केलेले होते. भक्तांना ते मोठ्या पडद्यावर बघायची हौस असते आणि ती मला समजते. नवख्याने मात्र त्यावर तिकिटाचे पैसे घालू नयेत. मधूनच सुरू होतं, मधूनच संपतं.

उलटा प्रकारही आहे. 'मुगेन ट्रेन' हा 'डेमन स्लेयर'चाच २०२० चा सिनेमा. नंतर तीच गोष्ट टीव्हीसाठी ७ एपिसोड करून दाखवली, त्यातला पहिला एपिसोड तेवढा नवा. म्हणजे सिनेमा बघितला असेल तर ते एपिसोड सोडा, आणि ते बघितले असतील तर सिनेमा सोडा. यादीत दोन्ही दिसतात म्हणून दोन्ही बघणारे लोक मला माहीत आहेत.

नावांचा घोळ तिसरा. 'फायरफ्लाय' ही अंतराळातली मालिका २००२ ची, फक्त १४ एपिसोडची. तिच्या पहिल्या एपिसोडचं नाव 'सेरेनिटी' आणि तिच्यावरच्या २००५ च्या सिनेमाचं नावही 'सेरेनिटी'. शोधायला गेलात तर भलतंच हाती लागतं. त्यात भर म्हणजे वाहिनीने मूळ प्रसारणात एपिसोड उलटेसुलटे दाखवले, पहिला एपिसोड सगळ्यात शेवटी. त्यामुळे प्रसारणाच्या तारखांवर जाऊ नका, डीव्हीडीवरचा क्रम धरा. 'प्रदर्शनाचा क्रम धरा' या माझ्याच नियमाला हा अपवाद.

आणि साल बघायला विसरू नका. 'छोटा भीम अँड द कर्स ऑफ दमयान' नावाचा कार्टून सिनेमा २०१२ चा आणि खऱ्या माणसांचा २०२४ चा. पोरगं कुठल्यासाठी हट्ट करतंय ते विचारूनच तिकीट काढा, नाहीतर थिएटरात रडारड.

३. किती बघायचं ते ठरवा

आता मूळ मुद्दा. सगळं बघा म्हणणाऱ्यांचं ऐकून लोक पहिल्या सीझनच्या आठव्या भागापर्यंत जातात, दमतात आणि सिनेमाला जातच नाहीत. त्यापेक्षा सिनेमाला नेमकं काय लागतं ते काढा.

कधी एक एपिसोड पुरतो. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे 'स्टार ट्रेक २: द रॅथ ऑफ खान' (१९८२). मूळ मालिकेचे ७९ भाग आहेत. पण सिनेमाचा खलनायक त्यातल्या एकाच भागात आला होता, 'स्पेस सीड' नावाच्या, १९६७ च्या. तो पन्नासेक मिनिटांचा भाग बघा, जेवण करा, सिनेमा लावा. खलनायक इतका चिडलेला का आहे ते कळलं की बाकी सगळं सिनेमा सांगतो. खलनायकाचं काम करणारा नटही तोच, मधली पंधरा वर्षं त्याच्या चेहऱ्यावर दिसतात.

कधी एपिसोडपेक्षा नात्यांचा तक्ता लागतो. 'डाउनटन अ‍ॅबी' ही इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्याची मालिका, ६ सीझन, ५२ भाग. २०१९ च्या सिनेमात गोष्ट साधी आहे: १९२७ साली राजा-राणी या वाड्यावर मुक्कामाला येणार, म्हणून वर मालकांची आणि खाली नोकरांची धांदल. ही गोष्ट कुणालाही कळेल. पण तोंडं पंचवीस! नात्यातल्या लग्नात नवऱ्याकडची मंडळी समोर आल्यावर आपण जे करतो तेच इथे करायचं. सगळ्यांची नावं पाठ करत बसायचं नाही. आजी कोण, घरचा मालक कोण, तीन मुलींपैकी मोठी कोण, धाकटी जी गेली तिचा नवरा कोण, आणि खाली खानसामा आणि स्वयंपाकीण कोण. एवढं एका कागदावर लिहून शेजारी ठेवा. पहिला एपिसोड बघायची इच्छा झाली तर बघा, नाहीतर नको.

आणि कधी आडवाट नसतेच. 'एल कामिनो' 'ब्रेकिंग बॅड'शिवाय बघू नका. ६२ एपिसोड आहेत, माझ्या मते प्रत्येक बघण्यासारखा, आणि सिनेमा म्हणजे त्याच्या शेवटाला जोडलेलं एक दीर्घ प्रकरण. कुणी आग्रह केलाच तर सरळ सांगा, "आत्ता नको, दिवाळीनंतर." नाही म्हणणं हीसुद्धा तयारीच आहे.

'डेमन स्लेयर' मात्र मधल्या गटातला, म्हणून त्याची योजना सविस्तर देते. सिनेमाच्या आधी मालिकेचे एकूण ६३ एपिसोड होतात, त्यातले ७ वर सांगितलेले 'मुगेन ट्रेन'चे. एक एपिसोड साधारण २४ मिनिटांचा धरला तर पंचवीस तासांच्या आसपास जातात. नोकरी, घर, दळण सांभाळून एका आठवड्यात हे होत नाही. माझी काटछाट अशी:

पहिला सीझन (२६ भाग, २०१९) पूर्ण झाला तर उत्तम. नाहीच जमलं तर भाग १ ते ५, मग ८, मग १५ ते २१. पाच तासांत होतं. नायक तांजिरोचं घर राक्षसाने संपवलं, वाचलेली बहीण नेझुको स्वतःच राक्षस झाली, आणि तो राक्षस मारणाऱ्या दलात शिरला, एवढं पहिल्या पाचांत येतं. आठव्यात मुझान हा मूळ खलनायक नीट दिसतो. १५ ते २१ मध्ये कोळ्यांचा डोंगर आहे. तिथे गियू आणि शिनोबू हे दलातले दोन मोठे लढवय्ये कामाला लागतात, आणि झेनित्सुचा, म्हणजे पिवळ्या केसांच्या भित्र्या पोराचा, गुरू कोण तेही समजतं. सिनेमात या तिघांनाही मोठी कामं आहेत.

त्यानंतर 'मुगेन ट्रेन' सिनेमा, ११७ मिनिटं. हा गाळू नका. आकाझा नावाचा राक्षस इथे पहिल्यांदा येतो आणि तांजिरोचं त्याच्याशी हिशेब चुकते करायचं काम इथूनच बाकी राहतं.

मग 'स्वोर्डस्मिथ व्हिलेज' सीझनचा पहिला भाग. वरच्या दर्जाचे सगळे राक्षस एकत्र बसलेले दिसतात, त्यातले काही पुढे सिनेमात येतात.

शेवटी 'हाशिरा ट्रेनिंग' सीझनचा शेवटचा, आठवा भाग. सिनेमा तिथूनच सुरू होतो. शक्य झालं तर हा आदल्या रात्री बघा.

एकूण नऊ तासांच्या आत बसतं. मध्ये जे सुटलं त्यातलं एकच विचारून घ्या: बहिणीचं पुढे काय झालं? ते जाणकाराकडून एका वाक्यात ऐका आणि त्याला लगेच थांबवा. माझी भाची थांबत नाही. "मावशी, हे एवढं फक्त सांगते," म्हणते आणि पाऊण तास जातो.

४. जवळ काय काय हवं

फार नाही.

ज्या अ‍ॅपवर मालिका आहे त्याची वर्गणी. मालिका अ‍ॅप बदलत असतात, म्हणून आधीच महिन्याचे पैसे भरू नका. जस्टवॉच साईटवर देश भारत निवडून नाव टाका, आत्ता कुठे आहे ते दिसतं. भावाच्या, जावेच्या अकाउंटवर आहे का ते त्याच्याही आधी विचारा.

एक कागद आणि पेन. नावं, नाती, कोण कुणाच्या बाजूने. जपानी नावं ऐकून लक्षात राहत नाहीत, लिहून राहतात. 'पिवळे केस, भित्रा' किंवा 'रानडुकराचं तोंड घातलेला' अशी खूण नावापुढे टाका.

मुलं सोबत असतील तर त्यांच्या वयाचा पुरावा. २०२४ पासून सेन्सॉरच्या यूए दाखल्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. यूए असेल तर त्याहून लहान मुलाला न्यायचं की नाही हे आईवडिलांनी ठरवायचं असतं. 'ए' असेल तर अठरा वर्षांखालच्याला आत घेत नाहीत, मग आईवडील सोबत असोत वा नसोत. दाढी फुटलेल्या बारावीच्या पोरालाही दारात आधार कार्ड विचारतात, फोनमध्ये ठेवायला सांगा. कार्टून दिसतंय म्हणजे लहान मुलांचं, हा समज तर आधी काढून टाका. 'डेमन स्लेयर'मध्ये मुंडकी उडतात.

जाणकार माणूस एक. दोन असले की वाद घालतात.

५. भाषा एकच धरा

परदेशी मालिकेवरचा सिनेमा आपल्याकडे लागताना हिंदी डबिंग, इंग्रजी डबिंग आणि मूळ भाषा असे पर्याय असतात, तमीळ-तेलुगूही असतात. मराठी अजून तरी क्वचितच. ज्या भाषेत सिनेमा बघणार त्याच भाषेत एपिसोड बघा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण नवखा माणूस पात्रं चेहऱ्यापेक्षा आवाजावरून ओळखतो, विशेषतः अंधाऱ्या मारामारीत. घरी जपानीत ऐकलेला तांजिरो थिएटरात हिंदीत ओरडला की मेंदू क्षणभर अडखळतो.

मूळ भाषेचा शो घेतला तर खाली पाट्या इंग्रजीत असतात आणि भरभर जातात. वाचायची सवय नसेल, चष्म्याचा नंबर बदलायला झाला असेल किंवा घरातल्या थोरल्यांना नेणार असाल, तर हिंदी घ्या. पोरं नाक मुरडतील. मुरडू द्या, तिकीट तुम्ही काढलंय. मला स्वतःला मूळ भाषा आवडते, पण माझ्या आईला हिंदीतच नेते, आणि ती माझ्यापेक्षा जास्त समजून येते.

६. तिकीट, शोची वेळ आणि परतीची गाडी

इथे सांगली-मिरजेची अडचण पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी आहे. असे सिनेमे आपल्याकडे बहुधा दिवसाला एक-दोन शोवर लागतात, तेही हिंदी डबिंगचे, आणि पुढच्या शुक्रवारी नवा हिंदी किंवा मराठी सिनेमा आला की पहिली कुऱ्हाड यांच्यावर. 'पुढच्या रविवारी बघू' म्हणालात की गेला. मूळ भाषेचा शो हवाच असेल तर कोल्हापूर बघा, तिथेही नसेल तर पुणे.

शुक्रवारपासूनचं वेळापत्रक तिकिटांच्या अ‍ॅपवर बुधवार-गुरुवारपर्यंत स्पष्ट होतं. त्याआधी दिसत नाही म्हणून लागणारच नाही असं समजू नका. अ‍ॅपवर सिनेमाच्या नावाखाली भाषा वेगळी निवडावी लागते. घाईत इंग्रजीचं तिकीट काढून हिंदी समजून बसलेले लोक असतात. पैसे भरण्याआधी भाषा, तारीख आणि थिएटरचं गाव तीनदा बघा. सांगली आणि मिरज अ‍ॅपवर शेजारी-शेजारी दिसतात, पण दहा मिनिटं आधी विश्रामबागेतून मिरजेला पोहोचायचं म्हटलं की रस्ता सांगतो किती अंतर आहे ते.

लांबी बघा. 'इन्फिनिटी कासल' १५५ मिनिटांचा आहे. जाहिराती आणि मध्यंतर धरून तीन तास. रात्रीचा शो घेतला तर तासगाव, पलूस, विटा बाजूच्यांनी शेवटची एसटी कितीची आहे ते डेपोत विचारूनच ठरवा. साताऱ्याकडच्या कोरेगाव-वाईच्या लोकांनाही हेच. दुपारचा शो सगळ्यात बरा, आणि आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी भक्तांची गर्दीही कमी असते.

७. आत बसल्यावर

पहिली दहा मिनिटं काहीही कळणार नाही. ठरलेलंच आहे. मालिकेवरचा सिनेमा ओळखी करून देत बसत नाही, सरळ कामाला लागतो. कुणाला कोण म्हणतंय याकडे लक्ष द्या, जगाचे नियम मागाहून कळतात. 'डेमन स्लेयर'पुरती एक युक्ती: वरच्या दर्जाच्या राक्षसांच्या डोळ्यांतच त्यांचा दर्जा आणि क्रमांक जपानी अक्षरांत लिहिलेला असतो. अक्षर वाचता नाही आलं तरी डोळ्यांत काही लिहिलंय एवढं दिसलं की समजायचं, आता प्रकरण लांबणार.

लांबतंच. लढाई ऐन रंगात आली की हे लोक थांबून एखाद्याचं बालपण दाखवायला लागतात, वीस-वीस मिनिटं. नवखे इथे फोन काढतात, आणि नेमका हाच भाग त्यांच्यासाठी केलेला असतो. मारामारी भक्तांची. ज्या पात्राला आपण आजच भेटलोय त्याचं पूर्वायुष्य पहिल्यापासून सांगितलं जातंय, म्हणजे इथे नवखा आणि जुना एकाच रेषेवर. इन्फिनिटी कासलमधला असा एक मोठा तुकडा मला सगळ्या मालिकेपेक्षा आवडला. कुठला ते सांगत नाही.

शेजारचे मध्येच टाळ्या वाजवतील, कुणी नुसतं दारात उभं राहिलं तरी शिट्ट्या मारतील. बावरू नका. या मालिकेची मूळ चित्रकथा २०२० मध्येच २३ खंडांत पूर्ण झालीय. थिएटरातल्या निम्म्या पोरांना कोण जगतं, कोण मरतं ते पाठ आहे. ती काय होतंय ते बघायला आलेली नसतात, कसं केलंय ते बघायला आलेली असतात. सांगलीकरांना हे नवं नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' उभं केलं तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे प्रेक्षकांत कुणाला माहीत नव्हतं? दोन तऱ्हेचे प्रेक्षक एका अंधारात बसलेत एवढंच, आणि दोघांनाही पैसे वसूल होतात.

मध्यंतर भलत्याच जागी येईल. परदेशी सिनेमात मध्यंतराची सोय नसते, आपल्याकडे मधोमध कुठेतरी कापतात, कधी वाक्याच्या मध्ये. त्या दहा मिनिटांत जाणकाराला जास्तीत जास्त दोन प्रश्न विचारा, आणि दोन्ही मागचे. 'हा तोच का, डोंगरावर होता तो?' असे. 'आता काय होणार?' विचारलंत तर तो सांगेल आणि तुमचा दुसरा अर्धा जाईल.

सिनेमा चालू असताना मात्र एकही प्रश्न नको. आणि जाणकारांनो, तुम्हीही मावशीच्या कानात कुजबुजू नका. तिला कळत नसेल तर तिला तसंच राहू द्या, पाच मिनिटांत कळेल.

दिवे लागले तरी उठू नका. श्रेयनामावली संपल्यावर पुढच्या भागाचा तुकडा असू शकतो. जुने लोक बसून राहिलेत का ते बघा, ते बसले तर तुम्हीही बसा.

८. घरी आल्यावर

सिनेमा आवडला म्हणून लगेच मालिका सुरू करायची, तर सुटलेल्या भागांपासून करू नका. पहिल्यापासून घ्या. आता शेवट माहीत आहे, त्यामुळे पहिल्या भागातला एखादा साधा प्रसंगही वेगळा लागतो. 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे चित्रित होत होती तेव्हा मध्येच बघायला लागून नंतर पहिल्यापासून बसलेल्या बायका आमच्या ओळखीत आहेत, त्या हेच सांगतात.

नट बदललेले दिसले तर गोंधळू नका. 'खिचडी'च्या मालिकेतली जयश्री वंदना पाठक, २०१० च्या सिनेमातली निमिषा वखारिया आणि २०२३ च्या दुसऱ्या सिनेमात पुन्हा वंदना पाठक. सिनेमा आधी बघून मालिकेकडे गेलात तर मालिकेतलीच चुकीची वाटते. दोन भागांत सवय होते.

नाही आवडला, तर मालिकाही आवडणार नाही असं मात्र धरून चालू नका. सिनेमात दोन तासांत मोठं काहीतरी घडवावं लागतं, मालिकेची गंमत बहुतेकदा बारीकसारीक रोजच्या गोष्टींत असते. मालिकेचा एखादा मधला, शांत भाग जाणकाराला निवडून द्यायला सांगा, तो बघा आणि मग ठरवा.

आणि फोनमधली यूट्यूबची हिस्ट्री पुसा. तुम्ही त्या नावाचं एकदा जरी काही बघितलं असेल तर उद्यापासून तो तुमच्यासमोर पुढच्या कथेची चित्रं टाकत राहणार. 'इन्फिनिटी कासल' हा तीन सिनेमांतला पहिला आहे, पुढच्या दोघांची गोष्ट पुस्तकात आधीच छापलेली आहे. त्या नावाच्या चॅनेलांवर 'नॉट इंटरेस्टेड' दाबा, पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असाल तर तो म्यूट करा, आणि वर लिहून ठेवलेला नावांचा कागद फेकू नका, पुढच्या सिनेमाच्या आदल्या रात्री तोच काढायचा आहे.